आधी हाक, मग ओ

२०२३ सालची गोष्ट. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि कुठलाही माणूस चार दिवस जवळून पाहिला की आपल्याला कळतो अशी माझी तोवर ठाम समजूत होती. ती आमच्या व्याह्यांनी मोडली. व्याही म्हणजे माझ्या धाकट्या मुलीचे सासरे. या मुंबईत माणूस माणसाच्या कानात तोंड घालून ओरडतो. अशा शहरात, समोरच्याला हाक मारायच्या आधी ‘हाक मारली तर चालेल का?’ असं विचारणारा हा एकच माणूस आहे, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. पण माणसं खूप पाहिली. असा नमुना दुसरा नाही पाहिला.

व्याही मुलुंडला राहतात. उभी हयात विमा कंपनीत गेली, त्यामुळे जगात जे जे बिघडू शकतं ते ते बिघडणारच, अशा तयारीनं ते जगतात. मुलगी बघायला आमच्या भांडुपच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पोहे हातात घ्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, “आग वगैरे लागली तर बाहेर पडायला दुसरा दरवाजा कुठे आहे?” एका खोलीच्या घराला दुसरा दरवाजा मी कुठून आणू? मी म्हटलं, “आग लागली तर आत यायच्याच दरवाजानं बाहेर जायची पद्धत आहे आमच्यात.” त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं आणि दरवाजाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. लग्न ठरलं. तेव्हापासून घरी येताना ते खाली रस्त्यावर उभे राहून आधी एक मिस्ड कॉल देणार, मग मेसेज करणार, ‘खाली उभा आहे, वर येऊ का?’ आणि उत्तर आल्याशिवाय जिन्याला पाय लावणार नाहीत. एकदा मी आंघोळीला गेलेलो, बायको गिरणीत दळण आणायला गेलेली. व्याही खाली भर उन्हात उभे. शेवटी वाण्याला दया आली, त्यानं त्यांना स्टूल दिलं. मी बाहेर येऊन खिडकीतून ओरडलो, “अहो, वर यायचं ना सरळ!” तर खालून हात जोडून म्हणतात, “तुमच्याकडून ओ आली नाही, मग कसा येऊ?”

हा माणूस बायको गेल्यावर वर्षभर गप्प होता आणि मग एके दिवशी त्यानं होडी घेतली. आता व्याह्यांना पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते, हे ते स्वतःच सांगतात. “मग होडी कशाला?” असं विचारलं तर म्हणाले, “भीती वाटते म्हणूनच. भीती वाटली की माणूस नियम पाळतो.” कुणाकडून तरी जुनी घेतलेली फायबरची होडी ती, मागे मशीन, पुढे छोटं छप्पर, आणि चार माणसं बसतील एवढी जागा, चौघांचं एकमेकांशी जमत असेल तर. वर्सोव्याच्या खाडीत ती एका कोळ्याच्या राखणीत असायची. दर रविवारी व्याही मुलुंडहून रिक्षानं घाटकोपरला यायचे, तिथून मेट्रो पकडून वर्सोव्याला, आणि मुलुंडच्या घरातूनच भगव्या रंगाचं फुगीर जाकीट अंगात चढवून निघायचे. मी एकदा बरोबर होतो. मेट्रोच्या तपासणीतला पोरगा म्हणाला, “अंकल, ये क्या पहना है?” व्याही म्हणाले, “लाइफ जॅकेट.” “लेकिन यहाँ पानी किधर है?” व्याही शांतपणे म्हणाले, “पाणी जवळ आल्यावर घालायला वेळ मिळत नाही.” आणि गाडीत बसले, तेही दरवाजाजवळच.

पण खरं वेड होडीचं नव्हतंच. खरं वेड होतं त्या डब्याचं. होडी वळवायच्या चाकाशेजारी त्यांनी एक रेडिओ बसवून घेतला होता. गाणी लागतात तसला नव्हे. बोलायचा. हातात धरायचा एक भोंगा, त्याला वेटोळ्याची वायर, एक लहानसा पडदा, आणि बटणं इतकी की मी कारखान्यात आयुष्यभर चालवलेल्या मशीनलाही तेवढी नव्हती. त्या डब्याला सरकारी कागद करून नऊ आकड्यांचा एक नंबर मिळाला होता आणि व्याह्यांना तो नातवाच्या जन्मतारखेपेक्षा चोख पाठ होता. आमच्या गावी खाडीच्या पलीकडून तरीवाल्याला बोलवायचं तर दोन्ही तळवे तोंडाशी धरून ‘होऽऽ’ करायचं, की पलीकडून ‘होऽऽ’ यायचं. झालं काम. त्याला कागद नको, नंबर नको. मी तसं म्हणालो, तर व्याह्यांचा चेहरा खुलला. “अगदी बरोबर व्याहीबुवा! हेच आहे ते! फक्त तुमच्या त्या होऽऽमुळे खाडीवरचे सगळेच माना वळवतात. इथे ज्याला हाक मारायची त्याचाच नंबर लावायचा. त्याच्याच डब्यात घंटा वाजते. त्यानं बटण दाबून ओ दिली की दोघांचे डबे आपोआप एका चॅनेलवर जातात, आणि मग बोलायचं. आधी हाक, मग ओ, मग बोलणं.”

“हाक कुठल्या चॅनेलवर जाते?”

“सत्तर. पण सत्तरवर बोलायचं नाही.”

“म्हणजे?”

“सत्तर फक्त घंटेसाठी. तिथं माणसानं तोंड उघडायचं नाही. बोलायला दुसरीकडे जायचं.”

मी पुष्कळ विचार केला. एक रस्ता असा बांधायचा की ज्यावर फक्त घंटा वाजवायची, कुणी बोलायचं नाही. भेटले की लगेच दोघांनी उठून दुसऱ्या रस्त्यावर जायचं. मग त्या पहिल्या रस्त्यावर गेलेच कशाला दोघं? व्याह्यांनी मला हे कागदावर बाण काढून समजावलं. बाण समजले. रस्ता नाही समजला. वर त्या डब्यावर एक लाल बटण होतं, त्याला झाकण. त्या बटणाकडे व्याही देव्हाऱ्याकडे बघावं तसे बघायचे. झाकणावर फडका मारतानासुद्धा श्वास रोखायचे. “जिवावर बेतलं तरच. झाकण उघडून दाबून धरलं की आपण कुठे आहोत ते आसपासच्या सगळ्या बोटींना आणि किनाऱ्यावर कळतं.”

“आपल्यालाच माहीत नसलं तरी?”

“तरी.”

“मग ते आधी आपल्याला का नाही सांगत?”

व्याही म्हणाले, “ते पडद्यावर खाली बारीक अक्षरात असतं.” म्हणजे समुद्रात बुडणाऱ्या माणसानं चष्मा पुसून खाली वाकून बारीक अक्षर वाचायचं. मी गप्प बसलो, कारण व्याही माणूस आहे, मुलगी दिलेली आहे.

घोटाळा झाला तो पुढे. एका रविवारी व्याही एकटेच पाण्यात गेले असताना त्यांना चक्कर आली. थोड्या वेळानं बरं वाटलं, हळूहळू होडी परत आणली, आणि ही गोष्ट त्यांनी फक्त सुनेला सांगितली, कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. सून म्हणजे माझीच मुलगी. तिनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आमचे जावई कमी बोलतात, पण बोलले की मोजून. त्यांनी बापाला सांगितलं, “पप्पा, एकट्यानं जायचं नाही. बरोबर एक माणूस पाहिजे, आणि तुम्हाला काही झालं तर त्या माणसाला रेडिओवरून मदत बोलवता आली पाहिजे. मी स्वतः परीक्षा घेणार. जमलं तर होडी ठेवा. नाही जमलं तर विकायची.” व्याह्यांनी माणूस शोधला. एका मित्राला पाणी बघूनच मळमळतं. दुसऱ्याच्या बायकोनं परवानगी दिली नाही. राहिलो मी. माझ्या बायकोलाही विचारलं होतं म्हणा, खाली उभं राहून, मिस्ड कॉल देऊन. ती म्हणाली, “घेऊन जावा. हंय बसान तरी काय करतत?”

मग माझी शिकवणी सुरू झाली. डबा होडीतून काढता येत नव्हता म्हणून व्याह्यांनी बिस्किटांच्या दोन रिकाम्या डब्यांवर स्केच पेननं पडदा आणि बटणं काढली. एक डबा माझ्यापुढे, त्यांच्या हॉलमध्ये. दुसरा घेऊन ते स्वयंपाकघरात. मी माझ्या डब्यावर क्रमानं बोटं ठेवायची: यादी, नाव, बोलायचं चॅनेल म्हणजे बहात्तर, पाठवा. आणि पाठवलं की मी मोठ्यानं ‘पाठवलं’ म्हणायचं, नाहीतर त्यांना आत कसं कळणार? तसं म्हटलं की ते आतून तोंडानं “टिंगटिंगटिंगटिंग” करायचे, मग “ओ दिली!” असं ओरडायचे, आणि लगेच “नमस्कार व्याहीबुवा, बोला, काय म्हणता?” माझी मुलगी तिथंच गॅसवर डाळ शिजवत असायची. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं खरंच असे आहात की मला चिडवायला करता?” पण मी शिकलो. हट्टाला पेटलो की मी शिकतो. इंग्रजी येत नाही, पण बटणांची जागा कशी पाठ होत नाही बघू! महिनाभरात मी ती बिस्किटांची पेटी डोळे मिटून चालवत होतो, आणि दर वेळी आतून न चुकता “नमस्कार व्याहीबुवा” यायचं, की मग मी बोलायचो, “मदत पाहिजे, माणूस आजारी आहे.” व्याही माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. नमस्कार त्यांनी आधी करायचा हे आमच्यात कधी ठरवावं लागलं नाही.

परीक्षेचा रविवार आला. जावईबापू जेट्टीजवळ कोळ्याच्या होडीत बसले, हातात तसलाच एक छोटा रेडिओ. आम्ही दोघं खाडीच्या तोंडापर्यंत गेलो, व्याह्यांनी नांगर टाकला, जाकिटाचे पट्टे तपासले, माझे तपासले, आणि म्हणाले, “आता मी बेशुद्ध पडतो. यापुढे सगळं तुमच्यावर. मोबाइल नाही, ओरडायचं नाही, हात हलवायचा नाही.” आणि खरोखर होडीच्या तळाशी आडवे झाले, डोळे मिटले, हात छातीवर. मला ते बघवेना. मी म्हटलं, “हात तरी बाजूला घ्या हो.” त्यांनी हात बाजूला घेतले, पण डोळे उघडले नाहीत. नियम म्हणजे नियम.

मी डब्यापुढे बसलो. यादी. नाव. बहात्तर. पाठवा. डबा टुंइ करून ओरडला, आणि थोड्याच वेळात पुन्हा वेगळ्या आवाजात ओरडला, पडद्यावर बहात्तर आलं. ओ आली होती! बिस्किटांच्या डब्यात कधी न झालेला आनंद मला तेव्हा झाला. मी भोंगा हातात घेतला आणि वाट बघत बसलो.

डब्यातून काही येईना.

समोर जावईबापू मला दिसत होते. कोळ्याच्या होडीत, रेडिओ कानाशी धरून. तेही बसलेले. मीही बसलेलो. पाण्यावर बगळे होते. मला वाटलं, त्यांचा आवाज अडकला असेल. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा टुंइ, पुन्हा ओ, पुन्हा बहात्तर. पुन्हा शांतता. मी भोंग्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, वायर हलवून बघितली. कारखान्यात असं मशीन अडलं असतं तर मी त्याला एक हातोडी मारली असती.

खालून आवाज आला. “व्याहीबुवा, बोला की.”

“तुम्ही बेशुद्ध आहात.”

“बेशुद्ध माणूसच सांगतोय. बटण दाबा आणि बोला. त्यानं ओ दिलीय.”

“ओ दिलीय, पण नमस्कार कुठे केलाय?”

व्याह्यांनी एक डोळा उघडला. “कसला नमस्कार?”

“तुम्ही दर वेळी करता तो. मी सासरा आहे. तो जावई आहे, मान्य, जावयाचा मान असतो. पण वयानं लहान तो. पहिला शब्द त्याचा.”

“अहो, यंत्रात लहान-मोठं नसतं! ज्यानं हाक मारली त्यानं आधी बोलायचं. मी नमस्कार करायचो तो मी म्हणून करायचो, रेडिओचा म्हणून नव्हे!”

“मग हे आधी सांगायचं होतं.”

“आता सांगतो ना! बोला!”

“बेशुद्ध माणसाचं ऐकून बोललो तर ती परीक्षा कुठली राहिली?”

हे मी बरोबरच बोललो होतो, आणि व्याह्यांनाही ते पटलं, कारण त्यांनी डोळा परत मिटून घेतला. असा नियमाचा पक्का माणूस. होडी हातची जात होती, तरी पुन्हा ओठ हलवले नाहीत.

शेवटी कोळ्याची होडी आमच्याकडे यायला लागली. जावई उभेच होते. “बाबा, झालं काय? दोनदा बोलावलंत, दोनदा मी ओ दिली. बोलला का नाहीत?”

“तुम्ही का नाही बोललात?”

“मी? हाक तुम्ही मारलीत!”

“आमच्या घरात मोठ्या माणसासमोर धाकट्यानं आधी तोंड उघडायचं असतं. नमस्कार म्हणायला काय जात होतं?”

कोळ्यानं खाली पडलेल्या व्याह्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “तुमचा मानपान होईस्तोवर तुमचा पेशंट गेला की!”

कुणीतरी हसायला पाहिजे होतं. कोळीच एकटा हसला. व्याही उठून बसले, जाकिटावरचं पाणी झटकलं. जावई म्हणाले, “पप्पा, खरंच असं झालं असतं तर? मला नाही चालणार. गिऱ्हाईक बघतो मी.” व्याह्यांनी मान हलवली. डबा बंद केला, पडदा फडक्यानं पुसला, आणि त्या लाल झाकणावर फडका फिरवताना नेहमीसारखा श्वास रोखला.

परत येताना आम्ही दोघंच होतो. मेट्रोत व्याही दरवाजापासून लांब, आत जाऊन बसले. ते मला बरं दिसलं नाही. चकाला स्टेशन गेलं. मला वाटलं, आता हे मला बोलणार, आणि मी तयारीतच होतो, कारण माझं काही चुकलेलं नव्हतं. तर ते म्हणाले, “तुमचं बरोबर होतं, व्याहीबुवा. नमस्कार त्यानं करायलाच हवा होता.”

आता यावर भांडायचं कसं?

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आमची ही कधी ओ द्यायची नाही बघा. मी हॉलमधून हाका मारायचो, अगं ऐकलंस का, अगं ऐकलंस का. ओ नाहीच. मी चिडायचो. आणि बघतो तर ती शेजारी येऊन उभी. म्हणायची, आले ना, मग ओ कशाला? छत्तीस वर्षं आमचं हेच भांडण. आता घरात हाक मारायची सवय तोंडाला राहिलीय. सून आहे, मुलगा आहे, पण त्यांना किती हाका मारणार? त्यांची कामं असतात. होडीत तो डबा होता. हाक मारली की समोरून कळायचं, पोचली म्हणून. कुणाची का असेना. एखादा मालवाहू जहाजवालासुद्धा ओ द्यायचा.” जाकिटाचा पट्टा सारखा करत म्हणाले, “तेवढ्यासाठी हो. समुद्राचं मला काय करायचंय? मला पोहताही येत नाही.”

घाटकोपरला उतरल्यावर त्यांनी माझ्या जाकिटाचे पट्टे सोडवून दिले. ते घालून मी भांडुपपर्यंत गेलो असतो तर लोक हसले असते, म्हणून. स्वतःचं मात्र घालूनच रिक्षात बसले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “नमस्कारान तुमचा पोट भरता काय? त्या माणसाक आता हाक मारूक तरी कोण आसा?” मी म्हटलं, “चूक जावयाची आहे.” ती म्हणाली, “असांदे जावयाची,” आणि भाजी चिरायला बसली. माझं अजूनही म्हणणं तेच आहे. माझं काही चुकलं नाही. रेडिओ कुणीतरी परदेशात बनवला, त्याला आमच्यातली रीत माहीत नाही, ही त्याची अडचण आहे.

जावयाला मी कधी स्वतःहून फोन केलेला नाही. काही असलं की मुलीला करायचा, ती त्यांना द्यायची, ते “नमस्कार बाबा” म्हणायचे, मग मी बोलायचो. लग्नापासून हेच चालत आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते कामाला निघायच्या आधी, मी बायकोकडून त्यांचा नंबर लावून घेतला. घंटा वाजली. त्यांनी उचलला, पण काही बोलले नाहीत; रागात असतील, किंवा माझं नाव बघून दचकले असतील. मी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हटलं, “जावईबापू, नमस्कार. हाक मी मारलीय, म्हणून आधी मीच बोलतोय. येत्या रविवारी परत खाडीवर या. परीक्षा पुन्हा घ्या. तोवर ती होडी विकायची नाही.” एवढं बोलून मी गप्प बसलो आणि फोन कानाला लावून ठेवला. नियमाप्रमाणे आता पाळी त्यांची होती.